मडगार्ड आणि टायर: चार बोटांचा हिशेब

ट्रेलरच्या मडगार्डखाली टायरला जागा किती, हे बघायची सर्रास पद्धत म्हणजे हात घालून बघणं. चार बोटं आरामात गेली की झालं. हमरस्त्यावरून सामान ओढणाऱ्या साध्या ट्रेलरला हा हिशेब पुरतो. डोंगरवाटांवर, खडकांच्या पायऱ्यांवरून जीपच्या मागे ओढायच्या कॅम्पिंग ट्रेलरला तो पुरत नाही. तिथे चार बोटांची जागा कशी संपते हे एकदा आकड्यांनी बघितलं, की मडगार्ड कुठे बसवायचं याचं उत्तर आपोआप हाती येतं.

असे ट्रेलर घरच्या गॅरेजात बनवण्याची हौस अमेरिकेत जुनी आहे. तिची मुळं लष्करी जीपपर्यंत जातात. दुसऱ्या महायुद्धात जीपमागे पाव टनाचा छोटा ट्रेलर असायचा, आणि जीपचा पहिला नमुना १९४० साली ज्या ‘अमेरिकन बँटम’ कंपनीने बनवला, तिनेही असे ट्रेलर बनवले. पुढच्या पिढीतला ‘एम ४१६’ हा लष्करी ट्रेलर भंगारात निघाल्यावर हौशी मंडळींनी उचलला आणि त्यावर तंबू चढवले. या सगळ्या लष्करी ट्रेलरांमधली एक गोष्ट आजही पाळण्यासारखी आहे: ट्रेलरची चाकं ओढणाऱ्या गाडीच्याच मापाची. म्हणजे स्टेपनी दोघांना चालते, आणि गाडीच्या चाकांनी पाडलेल्या चाकोरीतून ट्रेलरची चाकंही जवळपास तशीच जातात. आपणही इथूनच सुरुवात करू, कारण टायर ठरल्याशिवाय पुढचं एकही माप ठरत नाही.

उदाहरणाला जीप रँग्लरचं रुबिकॉन मॉडेल घेऊ. तिचे टायर २८५/७० आर १७. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के टायरच्या भिंतीची उंची, आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. २८५ चे सत्तर टक्के म्हणजे साधारण २००. वरची आणि खालची भिंत मिळून ४००, आणि १७ इंची रिमचे ४३२. टायरचा व्यास झाला सुमारे ८३१ मिलिमीटर, त्रिज्या ४१५. टायर जमिनीवर टेकतो तिथे वजनाने थोडा दबतो, म्हणून हबचा मध्य जमिनीपासून चारशेच्या आसपास भरतो. पण वरच्या बाजूला टायर दबलेला नसतो. मडगार्डची सगळी मापं म्हणूनच हबच्या मध्यापासून वर घ्यायची, जमिनीपासून नाही. जमिनीपासून घेतलेलं माप हवा कमी-जास्त झाली की बदलतं.

आता ट्रेलरची पेटी. अमेरिकेत प्लायवूडची फळी चार बाय आठ फुटांची मिळते, म्हणून घरगुती ट्रेलरची पेटी बहुधा चार फूट, म्हणजे १२२० मिलिमीटर रुंद असते. पेटीच्या भिंतीपासून टायरच्या आतल्या कडेपर्यंत ७५ मिलिमीटर जागा सोडली, म्हणजे आपली चार बोटं. मग एका टायरच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर येतं १६५५. चेसिस पेटीएवढीच रुंद आणि तिचे चॅनेल पन्नास मिलिमीटरचे धरले, त्यांच्या बरोबर खाली स्प्रिंगचे पाटे बसवले, तर डाव्या-उजव्या पाट्यांमधलं अंतर ११७० होतं. हे दोन आकडे, १६५५ आणि ११७०, लक्षात ठेवा. चार बोटं जातात ती याच फरकात.

पाटा वर दबायला कुठेतरी मर्यादा हवी. चेसिस आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये रबरी बफर असतो, तो ही मर्यादा घालतो. कित्येक घरगुती ट्रेलरांना तो नसतोच, आणि मग खड्ड्यात शेवटचा बफर टायर होतो: तो मडगार्डला भिडतो तेव्हाच थांबतो. तेव्हा आधी बफर. समजा पूर्ण भरलेला ट्रेलर उभा असताना अ‍ॅक्सल आणखी ७५ मिलिमीटर वर जाऊ शकतो (बफर दबतो ते धरून) आणि तेवढाच खाली लोंबू शकतो.

दोन्ही चाकं एकदम एखाद्या उंचवट्यावर चढली तर हिशेब सोपा आहे. अ‍ॅक्सल सरळ वर जातो, टायर ७५ मिलिमीटर वर जातो. मडगार्डखाली शंभर सोडले की काम झालं. पण खडकाळ वाटेवर असं क्वचित होतं. युटामधल्या मोआबच्या खडकांवर एक चाक पायरीवर आणि दुसरं खळग्यात, ही नेहमीची अवस्था. तेव्हा डावा पाटा ७५ वर आणि उजवा ७५ खाली. म्हणजे ११७० मिलिमीटरच्या अंतरात अ‍ॅक्सलला दीडशेचा तिरकसपणा आला, साधारण सव्वासात अंश. पण चाक पाट्यावर नसतं, पाट्याच्या बाहेर असतं. अ‍ॅक्सलच्या मध्यापासून पाटा ५८५ वर, तर चाक ८२७ वर. पाट्यापाशी ७५ चढलेला अ‍ॅक्सल चाकापाशी १०६ चढलेला असतो.

इथे थांबता येत नाही, कारण टायर काही कागदाएवढा पातळ नाही. त्याची बाहेरची कड मध्यापासून आणखी १४२ मिलिमीटर बाहेर आहे, आणि तिरकेपणामुळे ती सर्वांत वर जाते. तिथे चढ भरतो १२४. बफरपाशी मोजलेले ७५ मिलिमीटर मडगार्डच्या बाहेरच्या ओठापाशी सव्वाशे झाले. जुने, विकायला काढलेले ट्रेलर कधी बघायला गेलात तर मडगार्डखाली वाकून बघा. घासलेला चकचकीत पट्टा असलाच तर तो मध्यभागी क्वचित दिसेल. तो बाहेरच्या दुमडलेल्या कडेच्या आतून असतो, आणि पत्रा तिथे थोडा वर उचललेला असतो. विकणारा सांगतो, झाडाला लागलं.

त्याच वेळी दुसरी हालचाल चालू असते. चढलेलं चाक वरून आत कलतं, म्हणजे टायरचा माथा पेटीकडे झुकतो. ४१५ च्या त्रिज्येला सव्वासात अंशांत हा झुकाव ५३ मिलिमीटर होतो, आणि अ‍ॅक्सल तिरका झाल्याने चाक स्वतःही पाच-सात मिलिमीटर आत येतं. ७५ पैकी साठ गेले. उरले पंधरा, म्हणजे एक बोट. त्यात पाट्यांच्या बुशांचा खेळ आहे, टायरच्या दोन गुठळ्यांत अडकलेला दगड आहे, चिखल आहे. पंधरा मिलिमीटरमध्ये दगड सापडला तर पेटीच्या भिंतीला खरवड निघते, आणि दगड टणक असेल तर टायरची भिंत फाटते. खडकावर टायरची हवा कमी करतात तेव्हा भिंत फुगते ती खाली, जमिनीपाशी. माथ्यापाशी फारसा फरक पडत नाही, म्हणून ती चिंता इथे नको.

म्हणजे या मापाच्या ट्रेलरला बाजूची जागा ७५ ही चैन नाही, किमान आहे. आणि मडगार्ड टायरच्या माथ्यापासून सव्वाशे अधिक पंचवीस, असं दीडशे वर. हबच्या मध्यापासून ४१५ अधिक १५०, म्हणजे ५६५ मिलिमीटर. जमिनीपासून हे मडगार्ड साडेनऊशेच्या पुढे जातं. दिसायला ते पायांवर उभं राहिल्यासारखं दिसतं, हे खरं. पण सपाट मडगार्ड केलं तर त्या उंचीवर स्टोव्ह ठेवून उभ्याने स्वयंपाक होतो, आणि बरेच लोक तो करतातही.

इतकी उंची नकोच असेल तर कमी काय करायचं, हेही याच हिशेबातून निघतं. अ‍ॅक्सलचं खाली लोंबणं पट्ट्याने पंचवीसने आवरलं तर बाहेरच्या कडेचा चढ जेमतेम आठ मिलिमीटरने कमी होतो. पण बफर पंचवीस मिलिमीटर उंच केला, म्हणजे वर जाणं ७५ चं ५० केलं, तर तोच चढ ९१ वर येतो, एकदम तेहतीसची बचत. बाजूची जागाही वाढते. बदल्यात ट्रेलर खड्ड्यात लवकर बफरवर आपटतो, आतली भांडी जास्त खडखडतात. मला स्वतःला मडगार्ड उंच ठेवणं बरं वाटतं. पाटा हलण्यासाठीच असतो.

रुंदीच्या बाबतीत मात्र सढळ हाताने जागा सोडता येत नाही. वरच्या मापांत टायरांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर १९४० येतं, मडगार्ड धरून दोन मीटरच्या जवळ. रँग्लरची रुंदी १८७५ च्या आसपास. ट्रेलर गाडीच्या प्रत्येक बाजूने साठ-एक मिलिमीटर बाहेर आला. वळणावर ट्रेलर नेहमी आतून कापतो, त्यामुळे ज्या झाडाला गाडी चुकली त्याला मडगार्ड सापडतं. इथे दोन मार्ग आहेत. एक, प्लायवूडची फळी कापायची आणि पेटी अकराशेवर आणायची. फळी न कापता वापरता यावी एवढ्यासाठी अख्ख्या ट्रेलरची रुंदी ठरवणं मला पटत नाही, पण बहुतेक लोक तेच करतात. दुसरा मार्ग, टायर अरुंद घ्यायचा. ट्रेलरच्या चाकांना इंजिनची ताकद लावायची नसते, त्यांना रुंदीची गरज नाही. २३५/८५ आर १६ चा व्यास ८०६ भरतो आणि रुंदी पन्नासने कमी होते. पण मग स्टेपनी वेगळी, आणि लष्कराने शिकवलेला धडा बाजूला पडतो.

स्टेपनी एक ठेवायची म्हटली की आणखी एक आकडा मध्ये येतो, आणि अ‍ॅक्सल मागवताना लोक हमखास इथे फसतात. रिमचा जो भाग हबवर बोल्टने बसतो, तो रिमच्या बरोबर मध्यावर असेलच असं नाही. त्याच्या सरकण्याला ऑफसेट म्हणतात. ट्रेलरसाठी बाजारात मिळणाऱ्या रिमचा ऑफसेट बहुधा शून्य असतो. रुबिकॉनच्या कंपनीच्या रिमचा तो सुमारे ४४ मिलिमीटर आहे, म्हणजे टायर हबच्या मानाने ४४ आत बसतो. शून्य ऑफसेट धरून १६५५ चा अ‍ॅक्सल मागवला आणि त्यावर जीपची चाकं चढवली, तर बाजूच्या ७५ पैकी ३१ उरले. पहिल्याच तिरक्या खड्ड्यात टायर पेटीला लागणार. अ‍ॅक्सल मागवताना ‘हबच्या तोंडापासून तोंडापर्यंत’ हे माप द्यायचं असतं. जीपच्या चाकांसाठी ते १६५५ अधिक दोन्हीकडचे ४४, म्हणजे १७४३. हबवरच्या बोल्टांची मांडणीही जुळायला हवी. रँग्लरची पाच बोल्टांची, १२७ मिलिमीटर वर्तुळाची आहे. ट्रेलरच्या साध्या हबची बहुधा पाच बोल्टांची पण ११४.३ ची. मागताना सांगितलं की १२७ चा हबही मिळतो.

चाक पुढे-मागेही सरकतं, हे सहज विसरलं जातं. पाटा कमानदार असतो. तो दबला की सरळ होतो, आणि सरळ झाला की लांब होतो. पाट्याच्या टोकांपैकी पुढचा डोळा पक्का, मागचा शॅकलवर (झुलत्या कडीवर) हलता, त्यामुळे सगळी लांबी मागे जाते आणि अ‍ॅक्सलही मागे सरकतो. ६४० मिलिमीटर लांबीचा पाटा ७५ ची कमान सोडून सपाट झाला तर तो सुमारे तेवीस मिलिमीटर लांब होतो, आणि मध्यावरचा अ‍ॅक्सल त्याच्या निम्मा, बारा मागे जातो. शिवाय चाक दगडावर आदळतं तेव्हा धक्काही मागेच ढकलतो. म्हणून मडगार्ड चाकाच्या बरोबर मध्यावर बसवायचं नाही. उभ्या ट्रेलरमध्ये चाक किंचित पुढे दिसलं पाहिजे. पुढे साठ सोडले तर मागे नव्वद. सपाट मडगार्डला पंचेचाळीस अंशांचे कापलेले कोपरे देतात, त्या कोपऱ्यांपाशी टायर सर्वांत जवळ असतो, तिथे वेगळं मोजायचं.

अ‍ॅक्सल सलग नसेल, प्रत्येक चाक आपापल्या मागे वळलेल्या हातावर असेल, किंवा रबराच्या पिळावर चालणारा टॉर्शन अ‍ॅक्सल असेल, तर निम्मा त्रास वाचतो. एक चाक वर गेलं तरी ते पेटीच्या मानाने उभंच राहतं, कलत नाही. तिथे ७५ म्हणजे ७५. बाजूला पन्नास आणि वर शंभर पुरतात. रबर वर्षांनुवर्षांच्या ओझ्याने थोडं बसतं, तेवढी दहा-पंधरा मिलिमीटर जागा वर ठेवावी.

आता प्रत्यक्ष बसवणं. मडगार्डला हात लावण्याआधी ट्रेलर भरा, म्हणजे खरोखर भरा: पाण्याचे कॅन, बॅटरी, तंबू, गॅस, स्टेपनी, किंवा त्यांच्या वजनाएवढ्या वाळूच्या पिशव्या. रिकामा ट्रेलर वर उचललेला असतो. त्यावर माप घेतलं तर सहलीच्या पहिल्या दिवशीच वरची जागा कमी झालेली असते. सपाट जागेवर, चाकांत नेहमीची हवा भरून, हबच्या मध्यापासून चेसिसच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी लिहून घ्या. दोन्हींत चार-पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर आधी सामान किंवा पाटे तपासा. हीच तुमची शून्याची रेघ.

मग ट्रेलर रिकामा करून चेसिस लोखंडी घोड्यांवर टेकवा, चारही कोपऱ्यांवर, आणि हलवून बघा. पाट्यांच्या गड्डीतला फक्त मुख्य पाटा ठेवून बाकीचे काढा. सगळी गड्डी ठेवली तर हलका ट्रेलर जॅकने वर उचलला जातो आणि पाटा दबतच नाही. काढलेल्या पाट्यांच्या जाडीएवढी लोखंडी पट्टी तिथे घाला, नाहीतर अ‍ॅक्सल खऱ्या जागी बसणार नाही आणि मापं खोटी ठरतील. चाकं चढवा, अ‍ॅक्सलच्या एका टोकाखाली जॅक लावा, बफर पूर्ण दबेपर्यंत उचला. दुसरं टोक लोंबू द्या. या सगळ्यात ट्रेलरखाली सरपटायची गरज पडत नाही, आणि पडली तरी सरपटू नका. जॅक हा फक्त उचलायला असतो, धरून ठेवायला घोड्या.

मडगार्ड अजून पुठ्ठ्याचंच असू द्या. जाड पुठ्ठा कापून, दुमडून, लाकडी फळ्यांना क्लँपने पकडून ठरलेल्या जागी उभा करा. पुठ्ठ्याच्या आतून बाहेरच्या कडेला, कोपऱ्यांना आणि पेटीच्या भिंतीला मुलांच्या खेळातल्या मातीचे, प्लॅस्टिसीनचे गोळे चिकटवा, प्रत्येकी तीस-चाळीस मिलिमीटर जाड. जॅक वर-खाली करा, चाक हाताने फिरवा, मग बाजू बदलून दुसरीकडे तेच. टायरने जो गोळा दाबला त्याची उरलेली जाडी म्हणजे तिथली खरी जागा. गोळ्यात सुई खुपसून मोजता येते. पंचवीसपेक्षा कमी कुठे भरली तर पुठ्ठा सरकवा, पुन्हा करा. इलेक्ट्रिक ब्रेकची वायर याच वेळी बघून घ्यावी. उभ्या ट्रेलरमध्ये निवांत लोंबणारी वायर चाक वर आलं की टायरच्या वाटेत येते.

आणखी एक गोष्ट या अवस्थेतच तपासायची: चाक निघतं का? पंक्चर काढताना चाक बोल्टांवरून चाळीस-पन्नास मिलिमीटर बाहेर ओढावं लागतं. मडगार्डची बाहेरची कड खाली उतरवली असेल तर टायरचा माथा तिला अडतो, आणि अ‍ॅक्सलखाली जॅक लावला असेल तर चाक खालीही येत नाही. चेसिसखाली जॅक लावून अ‍ॅक्सल लोंबवला की बहुधा निघतं. पण बसवताना फुगलेली स्टेपनी पंक्चर चाकापेक्षा उंच असते हे धरून बघा. बाहेरची कड चाळीस मिलिमीटरपेक्षा जास्त खाली नको.

पुठ्ठा पास झाला की पत्रा. तीन मिलिमीटरचा पत्रा माणूस उभा राहिला तरी वाकत नाही. तो थेट वेल्ड करण्यापेक्षा अँगलच्या ब्रॅकेटवर बोल्टने बसवावा, भोकं लंबगोल ठेवावीत, म्हणजे पाटे बसले की दोन-चार सूत वर-खाली करता येतं. खडबडीत कच्च्या रस्त्याच्या सततच्या थरथरीने मडगार्ड तुटतं ते बहुधा वेल्डच्या टोकाशी, कारण बाहेरची सगळी बाजू हवेत लटकलेली असते. पेटीकडच्या बाजूला दोनऐवजी तीन आधार द्यावेत आणि वेल्ड कोपऱ्यावर संपवू नये, कोपऱ्यावरून वळवून पुढे न्यावा. जागा जेवढी जास्त, तेवढे टायरने उडवलेले दगडही जास्त, म्हणून मडगार्डमागे रबरी पट्टा हवाच. मडगार्डने टायर किती झाकला पाहिजे याचे नियम अमेरिकेत राज्यागणिक वेगळे आहेत. ट्रेलर नोंदणीला नेण्याआधी ते वाचून घ्या, आणि पुठ्ठा ट्रेलर पासिंग होईपर्यंत फेकू नका. मडगार्ड पुन्हा करायची वेळ आली तर तोच साचा लागतो.